पुढं सरका

(जालना, १९९८. एका ट्रस्टच्या दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड. शुक्रवार, सकाळचे नऊ. वॉर्डाच्या कौसल्या सिस्टर टेबलाशी, दवाखान्यातले फार्मसिस्ट धर्मराज समोर उभे. सात नंबरच्या खाटेवर धावड्याचे कडूबा डोळे मिटून पडलेले, उशाशी त्यांची बायको चतुराबाई.)

सिस्टर : ...म्हणून सांगते, सही करा अन् खाली जा. बायकांच्या वॉर्डात काल तुम्ही दोन मिनिटांत उरकलं म्हणे.

धर्मराज : तिथल्या बाईंनी रिकाम्या खुर्चीवर पाय ठेवले होते. मी बसू नये म्हणून.

सिस्टर : बरोबरच केलं. चोवीस वर्षं झाली मला इथं. कंपाउंडर कधी जिना चढून वर आला नव्हता. मोठे साहेब पुण्याला गेले, तिथं कुठं काय बघितलं, अन् हे खूळ घेऊन आले. गोळ्यावाल्यानं म्हणे वॉर्डात फिरायचं, पेशंटशी बोलायचं, कागद बघायचे! उद्या स्वयंपाकी वर येईल, म्हणेल मलाही नाडी बघू द्या.

धर्मराज : कंपाउंडर न्हाई. ऑर्डरमध्ये 'औषधनिर्माता' लिहिलंय.

सिस्टर : निर्माता! काय निर्माण केलंत आजवर? खाली खिडकीत बसायचं, हातावर पुडी टेकवायची, अन् पुढं सरका, पुढं सरका करायचं. तुमच्या आष्टीच्या बाजारात मिरच्या विकणारा पण तेवढंच करतो. वर दोन मिरच्या जास्त घालतो.

धर्मराज : द्या ते रजिस्टर.

सिस्टर : हे घ्या. तारीख, वेळ, सही. हा शेवटचा रकाना माझा, 'केलेले काम'. तो मी भरते. 'आले. गेले.'

धर्मराज : सात नंबरला आज डिस्चार्ज दिसतोय.

सिस्टर : डॉक्टर सरांनी काल लिहिला. हृदय थकलेलं, पायात पाणी झालं होतं, ते उतरलं. जाऊ दे घरी. त्याची बायको गेली की वॉर्डाला जरा शांतता मिळेल.

चतुराबाई : ऐकू येतंय बरं का, बाई. म्हातारं निजलंय, मी न्हाई.

सिस्टर : बघा. झालं सुरू.

धर्मराज : काय मावशी, जायचं ना आज घरी? गाव कोणतं?

चतुराबाई : धावडा. भोकरदनच्या फुडं. तुमी कोन? डाक्टर?

सिस्टर : डॉक्टर कसला! खाली गोळ्या देतो.

चतुराबाई : मंग वर काय करून राह्यला?

धर्मराज : सगळ्यांनाच तो प्रश्न पडलाय. यांचं कसं आहे? जेवतात का?

चतुराबाई : जेवतंय कशाचं. सोमवारी आणलं तवा दम लागलेला व्हता, पाय फुगून मुसळावानी झालते. आता दम न्हाई, पाय बारीक झाले, पर अन्नाला शिवत न्हाई. पानी प्यालं तरी वकतंय. काल माझ्याकडं बघून म्हनतंय, पिवळं लुगडं कुठून आनलं? आता ह्ये लुगडं तुमाला पिवळं दिसतंय का? चाळीस वर्सं संसार केला, माझं लुगडं कंदी बघितलं न्हाई ह्यानं, आन आता रंग सांगतंय. त्योबी खोटा.

धर्मराज : पिवळं? आणखी काही पिवळं दिसतं म्हणाले?

चतुराबाई : दूध पिवळं, भित पिवळी, ही सिस्टरबाई पिवळी.

धर्मराज : सिस्टर, हे सरांना सांगितलं?

सिस्टर : डोळे बघितले मी. कावीळ नाही. म्हातारं माणूस आहे, बरळतं. अन् उलटीचं म्हणाल, तर ही बाई डब्यातून चोरून ठेचा आणते.

चतुराबाई : तुमची खिचडी मेंढरूसुदीक हुंगून निघून जाईल.

धर्मराज : सिस्टर, हृदयाची रोजची गोळी त्यांना कोण देतं?

सिस्टर : सकाळी मी बायकोच्या हातावर ठेवते. बारा खाटा अन् मी एकटी. एकेकाच्या तोंडात पाणी ओतत बसू का? आजची राहिलीय, तेवढी देते अन् करते रवाना. मावशी, धरा हात.

धर्मराज : थांबा जरा. मावशी, त्या गाठोड्यात घरच्या काही गोळ्या आहेत का?

चतुराबाई : हायेत की.

धर्मराज : दाखवा बरं.

चतुराबाई : का? गोळ्यावाल्याला गोळ्या कमी पडल्या का?

सिस्टर : आता गाठोडी सोडत बसा. साहेबांनी याच्यासाठीच पाठवलंय तुम्हाला.

धर्मराज : दाखवा मावशी... ही पुडी आपल्याच दवाखान्याची आहे. मागच्या महिन्यातली. अन् गोळी तीच आहे, सिस्टर. तुमच्या हातात आहे तीच.

चतुराबाई : ती कशी आसंल? बाईची गोळी चपटी हाय, ही फुगीर हाय.

धर्मराज : कंपनी बदलली, औषध तेच. ही पण रोज देता यांना?

चतुराबाई : देते की. घरची घरच्या जागी, दवाखान्याची दवाखान्याच्या जागी.

सिस्टर : अगं बाई! मला विचारायचं नाही का आधी?

चतुराबाई : तुमी कंदी थांबला का इचारायला? हातावर ठेवलं की पाठ फिरवली. तुमची पाठ चांगली वळखीची झालीय माझ्या.

धर्मराज : सोमवारपासून दुप्पट चाललंय म्हणजे. गोळी अंगात चढलीय. उलटी, पिवळं दिसणं, सगळं त्याचंच. नाडी बघा सिस्टर.

सिस्टर : बघितलीय. हे काय, चार्टवर लिहिलंय. बहात्तर.

धर्मराज : आठ नंबरची?

सिस्टर : बहात्तर.

धर्मराज : नऊ नंबरची? तो तापानं फणफणलाय तो?

सिस्टर : तो चार्ट द्या इकडं.

धर्मराज : त्याचीही बहात्तर. वा! वॉर्डात एक दमेकरी, एक तापकरी, एक परवा ऑपरेशन झालेला, अन् सगळ्यांची नाडी एका तालात. लेझीम खेळून राह्यलेत का हे?

सिस्टर : तोंड सांभाळून बोला. पुडीवाल्यानं मला शिकवायचं नाही.

धर्मराज : नका शिकू. घड्याळ हातावर आहे तुमच्या, एक मिनिट मोजा. मी चुकलो तर रकान्यात लिहा, कंपाउंडरनं खामखा वेळ खाल्ला. त्याच्याखाली सही करतो.

सिस्टर : सही तर मी घेणारच आहे. बाजूला व्हा मावशी. द्या त्यांचा हात इकडं...

धर्मराज : किती?

सिस्टर : थांबा. पुन्हा मोजते.

धर्मराज : किती, सिस्टर?

सिस्टर : बेचाळीस. अन् मधूनमधून अडखळतेय.

चतुराबाई : म्हंजी चांगलं का वाईट?

सिस्टर : गप बसा जरा, मावशी.

धर्मराज : वाईट. आणखी एक गोळी गेली असती तर फारच वाईट. सरांना फोन लावा.

सिस्टर : अन् काय सांगू? कंपाउंडर म्हणतो म्हणून गोळी थांबवली?

धर्मराज : माझं नावच घेऊ नका. ऐकलं की ठेवतील फोन. मागं एकदा चिठ्ठी पाठवली होती त्यांना, ही दोन औषधं एकत्र चालत न्हाईत म्हणून. चिठ्ठी परत आली, मधोमध चहाच्या कपाचा गोल डाग. तुम्हीच सांगा. तुम्ही मोजली, तुम्हाला शंका आली.

सिस्टर : मला आली?

धर्मराज : आता आलीय ना?

सिस्टर : हॅलो... सर, कौसल्या बोलतेय, पुरुषांच्या वॉर्डातून. सात नंबर, कडूबा. हो सर, डिस्चार्जवाला. नाडी बेचाळीस लागतेय... मीच मोजली, दोनदा... काल? काल बहात्तर लिहिलेली आहे सर... हो, उलट्या आहेत, अन् सगळं पिवळं दिसतं म्हणतो. बायको घरची डिगॉक्सिन वेगळी देत होती, सोमवारपासून... थांबवली सर, आजची दिलीच नाही... हो, ईसीजी काढून घेते. रक्त पाठवते. डिस्चार्ज नाही, समजलं... कुणी? नाही सर, माझं मलाच वाटलं. चोवीस वर्षं झाली सर... थँक्यू सर.

चतुराबाई : ह्या पोरानं सांगितलं की मगाशी.

सिस्टर : तुम्हाला काय कळतंय त्यातलं? त्यांना खाटेवरून उठू देऊ नका. लघवीला पण नाही. सर येऊन राह्यलेत.

चतुराबाई : सगळ्यांचं सगळं उलटंच हाय हितं. जो बोलला त्येचं नाव न्हाई आन जिनं हात धरला तिला शाबासकी.

धर्मराज : जाऊ द्या मावशी. ती पुडी द्या माझ्याकडं, घरची गोळी आता बंद. किती उरल्यात?... दोनच? पुडीवर तीस लिहिलंय. ही पुडी नेऊन किती दिवस झाले तुम्हाला?

चतुराबाई : आज चार हप्ते.

धर्मराज : आठवड्याला पाच, चार आठवड्यांच्या वीस. दहा उरायला पाहिजेत. आठ गेल्या कुठं? मोजता येतं का तुम्हाला?

चतुराबाई : मेंढरं मोजत म्हातारी झाले मी, तू मला मोजायला शिकवतो का? हप्त्याच्या सात, चार हप्त्यांच्या अठ्ठावीस. ऱ्हायल्या दोन. आन तिसरी ह्या बाईच्या हातातली. आजच्या तीन बराबर व्हत्या.

धर्मराज : आजच्या तीन?

चतुराबाई : शुक्करवारी तीन.

सिस्टर : तीन कशासाठी गं बाई?

चतुराबाई : उद्या शनवार, परवा ऐतवार. त्या दोन दिवशी द्यायची न्हाई ना? मंग ती भर आदल्या दिवशीच घालून घ्यायची. मेंढरं दोन दिस कोंडून ठिवायची आसली, तर आदल्या दिवशी पोटं फुगस्तोर चारतो का न्हाई आपुन? म्हातारं काय मेंढराहून गेलं?

धर्मराज : अहो, बंद म्हणजे बंद! पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, शनि-रवि बंद. मेंढराचं डोकं तुम्ही माणसाला लावता?

चतुराबाई : मला वाचता आलं आसतं तर मी पुडी घ्यायला आले नसते. खिडकीत बसून देली आसती.

सिस्टर : धर्मराज, कशाला घसा कोरडा करता? या लोकांना सांगून बिलकुल फायदा नसतो. जनावरात राहून राहून तशीच होतात.

धर्मराज : खरंय तुमचं. अन् अशा बाईच्या हातावर काहीएक न समजावता तीस गोळ्या ठेवल्या तरी कोणत्या मूर्खानं?

चतुराबाई : तूच.

धर्मराज : काय?

चतुराबाई : मगाधरनं म्हनून राह्यले मनाशी, ह्यो आवाज वळखीचा हाय. ही बाई 'पुढं सरका' म्हनली आन लख्ख आठवलं. तुझी खिडकी ही एवढी, कंबरेला लागती. किती वाकलं तरी तोंड दिसत न्हाई. नुसता हात येतो भाईर आन आवाज येतो.

धर्मराज : माणसं आत डोकावतात, म्हणून बारकी केलीय ती. मलाही नुसते हातच दिसतात.

चतुराबाई : माझाच हात व्हता त्यो. तू म्हनला, शनवार-ऐतवार द्यायची न्हाई. मी म्हनलं, का रं बाबा?

धर्मराज : अन् मी?

चतुराबाई : फुडं सरका, म्हनला.

धर्मराज : रांग असते मावशी. ओपीडीच्या दिवशी दीडशे माणूस.

चतुराबाई : आसंल की. मी काय एकटीच दुखनेकऱ्याची बायको का? पर मी पुन्यांदा इचारलं. का द्यायची न्हाई? चांगली गोळी हाय, हिच्यानं दम कमी झालाय, मंग दोन दिस उपाशी का ठिवायचं? तर तू म्हनला, सांगून कळनार हाये का तुला? आन लोकं हसली मागं. मंग मी सरकले. आन घरला जाऊन माझं मीच लावलं. कुनी सांगंना तर मानसानं काय करायचं?

सिस्टर : लिहू का हे रकान्यात, निर्माते?

धर्मराज : लिहा.

सिस्टर : नाही, मी आपलं विचारलं.

धर्मराज : लिहा म्हणतो ना! मगाशी मूर्ख म्हणालो ते पण लिहा... मावशी, इकडं बघा. ही गोळी घेतली की त्या दिवशी सगळी अंगातून निघून जात न्हाई. थोडी मागं राहती. दुसऱ्या दिवशीची आणखी थोडी. पाच दिवसांत ती साठत जाती. शनवार-ऐतवार ठेवलेत ते साठलेलं उतरावं म्हणून. त्या दोन दिवशी माणूस उपाशी न्हाई राहत. आधीचीच गोळी काम करत असती.

चतुराबाई : मिठावानी.

धर्मराज : काय मिठावानी?

चतुराबाई : मेंढरांना मीठ चाटवतो आमी, आठ दिसातनं एकदा. त्यानं अंग धरत्यात. पर कुनी येड्यानं रोज चाटवलं तर हगून हगून मरत्यात. माझ्या सासऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं व्हतं मला, का ते.

धर्मराज : तसंच. बराबर तसंच.

चतुराबाई : एवढंच व्हतं?

धर्मराज : एवढंच.

चतुराबाई : म्हातारं एकदा कुशीवर वळलं तेवढ्यात सांगून झालं तुझं. आन ह्येच्यापायी मी चार हप्ते माझ्या हातानं, पान्याचा तांब्या धरून, गीळ गीळ म्हनून... त्याला नको व्हती. शेवटच्या शुक्करवारी तोंड फिरवून घेतलं व्हतं त्यानं. मी नाक दाबून घातली.

सिस्टर : रडू नका मावशी. सर येतील आता.

चतुराबाई : कोन रडून राह्यलंय? तुमच्याफुडं रडायला मी काय येडी झाले का?... आन मंग रायभानचं काय?

सिस्टर : कोण रायभान?

चतुराबाई : सहा नंबरचे. बुधवारी घरी गेले. त्येंलाबी हीच गोळी. त्येंची बायको, गोपिका, जाताना रडकुंडीला आल्ती. म्हनली, दोन दिस गोळी न्हाई म्हनत्यात, मालकाला काय झालं म्हंजी? मीच धीर देला तिला. म्हनलं, घाबरू नको, शुक्करवारी तीन घालायच्या. मी चार हप्ते घालून राह्यले.

सिस्टर : धर्मराज... आज शुक्रवार आहे.

धर्मराज : गाव? रायभानचं गाव कोणतं?

सिस्टर : तुमचंच. आष्टी. केसपेपर मीच बांधला. बहात्तर वर्षांचा माणूस, अंगावर मूठभर मांस नाही.

धर्मराज : मावशी, कवा द्यायला सांगितल्या तीन गोळ्या?

चतुराबाई : दुपारच्या भाकरीवर. रिकाम्या पोटी तीन नको म्हनलं.

सिस्टर : साडेनऊ होऊन राह्यले. फोन आहे का तिथं कुणाकडं?

धर्मराज : आबारावच्या दुकानात. तो निरोप घेईल अन् सांजच्याला दुकान बंद करून जाताना देईल. तरी लावा तुम्ही, नंबर लिहून देतो. मी परतूरची गाडी धरतो, तिथून मिळेल ते बघतो. बारापर्यंत पोचतो.

सिस्टर : लावते फोन. लागेस्तोवर लावत राहते. अन् बाकीच्या अकरा नाड्या पण मोजून घेते. बघू नका माझ्याकडं तसं.

धर्मराज : मी कुठं बघून राह्यलो?

सिस्टर : अन् याचं काय? रकान्यात काय लिहू? दहा वाजता साहेबांचा राऊंड आहे. खिडकी बंद दिसली तर विचारतील, फार्मसिस्ट कुठाय?

धर्मराज : वॉर्डात आहे म्हणा.

सिस्टर : जा, जल्दी जा.

चतुराबाई : आन लेका, तिला नुसतं 'देऊ नको' म्हनून माघारी येऊ नको.

धर्मराज : का ते सांगतो, मावशी. मिठाचंच सांगतो. तिच्या ध्यानात राहिलं नसलं तीन गोळ्यांचं, तर बरं होईल.

चतुराबाई : ती इसरायची न्हाई. ती काय माझ्यावानी डोकं लावत न्हाई. तिला सांगितलं तेवढं ती बराबर करती.